पहिला ड्रमसेट घेण्याआधी घर मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांमध्ये विजयनगरच्या एका वडिलांचं पत्र वाचलं. मुलगी अकरा वर्षांची, तिला ड्रम शिकायचा आहे, घर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं. दुकानदार पाच ड्रमचा लालभडक सेट दाखवून ‘यात सगळं आलं’ म्हणतो आहे. तो घ्यावा, की मुलीला सरळ तबल्याच्या क्लासला घालावं, असं त्यांनी विचारलं होतं. मी बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवला आणि आता इंदुरातच मुलांना शिकवते. हे उत्तर त्यांच्यासाठी आहे, आणि दिवाळीच्या खरेदीत याच प्रश्नाशी अडलेल्या इतर घरांसाठीही.

तबल्याचं आधी सांगते. हे नाना पानशांचं गाव. त्यांचा पखवाज होळकरांच्या आश्रयाने इथेच बहरला, तेव्हा तबल्याला कमी लेखणारं माझ्याकडून काही लिहून होणार नाही. तबला शिकलेलं मूल माझ्याकडे येतं तेव्हा त्याला सम सापडलेली असते, तोंडाने बोल म्हणायची सवय असते, आणि त्याचा फार उपयोग होतो. पण तबल्याला मांडी घालून बसतात आणि ड्रमसेटवर दोन्ही पाय वाजवत असतात. १९०९ मध्ये शिकागोच्या विल्यम लुडविग यांनी बेस ड्रमसाठी, म्हणजे पायाने वाजवायच्या सगळ्यात मोठ्या ड्रमसाठी, चपळ, टिकाऊ पेडल बाजारात आणलं आणि एकट्या माणसाने हातापायांनी चार आवाज सांभाळण्याची ही कला झपाट्याने वाढली. मुलीने मागितलं आहे ते हे. तिला हवं असेल तर तबलाही शिकू दे, पण ड्रमच्या बदल्यात नको. ‘मुलगी आहे, काहीतरी नाजूक वाजव’ हे वाक्य मी अनेक घरांत ऐकलं आहे आणि दर वेळी मला त्याचा त्रास होतो.

आता खरेदी. पहिल्या दोन-तीन महिन्यांत सेटची गरजच नसते. रबराचं प्रॅक्टिस पॅड, काड्यांची एक जोडी आणि उंची कमी-जास्त करता येणारं ड्रमचं स्टूल एवढं पुरतं. लहान हाताला ७ए मापाच्या काड्या द्याव्यात. ५ए थोड्या जाड असतात, त्या पुढे घेता येतात. स्टूलवर पैसे वाचवू नका. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून शिकलेली मुलं पाठीत बाक काढून वाजवतात आणि तो बाक पुढे निघता निघत नाही. मांडी गुडघ्याकडे किंचित उतरती राहील एवढी उंची ठेवावी. पॅडवर एकेरी ठोके, दुहेरी ठोके, पॅराडिडल (एकेरी-दुहेरी ठोक्यांची ठरलेली गुंफण), आणि सोबत फोनमधला मेट्रोनोम. पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटी या तालवाद्यांच्या संस्थेने १९८४ मध्ये असे ४० मूलभूत पाठ ठरवून दिले, जगभरचे शिक्षक त्यांतूनच शिकवतात. हे सगळं त्या पॅडवर होतं. मूल रोज आपणहून पॅड काढून बसू लागलं की सेटचा विचार करा. बसलं नाही, तर घरात धूळ खाणारा एक डोंगर वाचला.

सेट घ्यायची वेळ आली की आधी घर बघा. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल, असं २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम सांगतात. बंद खोलीत जोरात वाजवलेला खरा ड्रमसेट १०० डेसिबलच्या सहज पुढे जातो. शेजाऱ्यांशी भांडण होईल ही भीती सगळ्यांना असते, पण मुलीच्या कानांचं काय, हे मला अजून एकाही पालकाने आपणहून विचारलेलं नाही. कामाच्या जागेवरच्या आवाजासाठी अमेरिकेतली एनआयओएसएच ही संस्था ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही हद्द देते, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी करते. त्या हिशोबाने १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं उरतात. हा हिशोब मोठ्या माणसांसाठीचा आहे, मूल तर कोवळं. खऱ्या सेटवर बसणाऱ्या मुलाच्या कानांवर चांगले इअरमफ हवेतच. कापसाचा बोळा चालत नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या घरासाठी म्हणूनच मी इलेक्ट्रॉनिक सेट सुचवेन, ज्याचा आवाज हेडफोनमधून ऐकता येतो. रोलंड कंपनीने १९९७ मध्ये जाळीची हेड असलेला असा सेट काढला. हेड म्हणजे ड्रमच्या तोंडावर ताणलेला, काडी पडते तो पडदा. आता परवडणाऱ्या किमतीतही जाळीची हेड मिळतात आणि काडी त्यांवरून खऱ्या ड्रमसारखी उसळते. जाळीऐवजी कडक रबराची पॅड असलेल्या सेटवर मनगट लवकर दुखतं. दुकानात एक गोष्ट वाकून बघा: बेस ड्रमच्या जागी खरं पेडल आणि त्याचा ठोका झेलणारं पॅड आहे का. स्वस्त सेटमध्ये नुसती पायाखालची कळ असते, दाबली की ‘धम्’. तिच्यावर पाऊल तयार होत नाही. हेडफोन आणि स्टूल बहुतेक वेळा वेगळे घ्यावे लागतात, ते बजेटमध्ये धरा. हेडफोनचा आवाजही मर्यादेतच ठेवा.

इलेक्ट्रॉनिक म्हणजे बिनआवाजी, असं मात्र समजू नका. पेडलचा धक्का जमिनीतून खाली जातो आणि खालच्या घरात छतावर कोणी पाटा-वरवंटा आपटतोय असं वाटतं. प्लायवुडच्या दोन फळ्या घ्या, खालच्या फळीत भोकं पाडून त्यांत टेनिसचे चेंडू बसवा, वर दुसरी फळी ठेवा आणि तिच्यावर सेट मांडा. धक्का बराच शोषला जातो. सुदामानगरच्या एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी असा चौथरा स्वतः बनवला आणि खालच्या काकूंची तक्रार थांबली.

ज्यांचं बैठं घर आहे, मागे एखादी मोकळी खोली आहे, त्यांनी खरा सेट जरूर घ्यावा. बोटाखाली हेडचा ताण कळणं, ड्रमच्या कडेला आणि मध्यावर वेगळा नाद सापडणं, हे त्याच्यावरच येतं. तिथे माप महत्त्वाचं. दुकानात पुढे मांडलेल्या सेटचा बेस ड्रम बहुधा २२ इंची असतो. टॉम म्हणजे मधले छोटे ड्रम त्याच्याच डोक्यावर बसवलेले असल्यामुळे लहान मुलाला ते खांद्याइतके उंच पडतात. मग खांदे वर चढतात, आणि चढलेल्या खांद्यांनी वेग कधी येत नाही. अकरा वर्षांच्या मुलीला १८ किंवा २० इंची बेस ड्रम बरा, आठ वर्षांच्या मुलाला १६ इंची. पाच ड्रमही लागत नाहीत. बेस, स्नेअर (खाली तारा असलेला ड्रम), एक टॉम, एक फ्लोअर टॉम (जमिनीवर उभा राहणारा), आणि सिंबल म्हणजे धातूच्या थाळ्यांपैकी हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी जोडी) व राइड (एक मोठी थाळी) एवढ्यावर वर्ष-दोन वर्षं मजेत जातात. जाहिरातीत ‘शेल पॅक’ लिहिलं असेल तर त्यात सिंबल नाहीत, आणि स्टँडही बहुधा नसतात.

सिंबलवर मी सगळ्यात जास्त अडून बसते. सेटसोबत फुकट येणारे सिंबल बहुतेक पितळी पत्र्याचे असतात आणि डबा वाजवल्यासारखे वाजतात. आपल्या घरातली भजनाची झांज काशाची असते, तिचा नाद आठवा. तांब्यात जस्त घातलं की पितळ आणि कथील घातलं की कासं. चांगले सिंबल याच काशाचे असतात, ८ टक्के कथील असलेले स्वस्त आणि २० टक्के असलेले महाग. ८ टक्केवाले नवशिक्याला उत्तम. ड्रमच्या लाकडापेक्षा आणि चकाकीपेक्षा इथे पैसे घाला. साध्या ड्रमलाही चांगली हेड लावून नीट सुरात आणता येतं. पत्र्याच्या सिंबलला काही करता येत नाही. आणि मुलांचं पण असंच आहे, वाईट आवाज येत राहिला की त्यांना वाटतं चूक आपल्याच हाताची.

जुना सेट घ्यायला मी नेहमी सांगते. दोन-चार वर्षांत शिकणं सोडलेल्या मुलांचे सेट इंदुरात सतत विकायला निघतात. फक्त तपासून घ्या. फाटलेल्या हेडची भीती नको, ती मापाने मिळतात आणि बदलतात. प्लास्टिकची असल्यामुळे आपल्या पावसाळ्यात तबल्याच्या पुडीसारखी उतरतही नाहीत. विक्रेता तयार असेल तर एका ड्रमचं हेड काढायला सांगा आणि ड्रम त्याच्याच स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर पालथा ठेवा. आत मोबाइलची बॅटरी लावा. कडेखालून कुठे उजेड दिसला, तर काठ झिजला आहे किंवा ड्रमचा गोल बिघडला आहे, आणि तो सुरात यायचा नाही. चावीने प्रत्येक स्क्रू फिरवून पाहा, आटे गेलेला स्क्रू ताण धरत नाही. स्नेअरची कळ वर-खाली करा, खालच्या तारा लागताना आणि सुटताना आवाज बदलला पाहिजे. सिंबलच्या काठावरून बोट फिरवा. नखाला अडेल एवढी चीर असली तरी तो घेऊ नका, ती वाढतच जाते.

एक विनंती शहरातल्या गणेश मंडळांना आणि मराठी संस्थांना. ज्यांच्याकडे कार्यक्रमांसाठी घेतलेले सेट आहेत, ते उत्सव संपला की कपड्याखाली झाकून पडतात. महिन्यातून एका रविवारी सकाळी तासभर ते उघडे ठेवा आणि मुलांना बसून बघू द्या. पालकांनाही हजारो रुपये घालण्याआधी कळेल की मुलाचा पाय पेडलपर्यंत पोचतो का आणि मूल उठायला तयार होतं का.

त्या वडिलांना आत्ताच ठरवायचं असेल, तर तो लाल सेट राहू द्या. पॅड, ७ए काड्या आणि स्टूल घ्या, आणि संक्रांतीच्या सुमारास तिला घेऊन माझ्याकडे या. माझा नंबर मी संपादकांकडे दिला आहे, तो त्यांना जरूर कळवावा. माझ्याकडचा २० इंची सेट तिला वाजवून बघता येईल. मग जुना बघायचा असेल तर तो तपासायला मी सोबत येईन.

आपली नम्र,
एक ड्रमशिक्षिका,
लोकमान्यनगर, इंदूर