'मार्क वाया जातात' म्हणजे नेमके काय?

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

बारावीचे आणि सीईटी या प्रवेश परीक्षेचे निकाल लागले की आपल्या दैनिकात गेल्या वर्षीच्या कटऑफचे पानभर कोष्टक छापून येते आणि त्या पानाची घडी खिशात घालून पालक दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात हजर होतात. कोल्हापूरच्या राजारामपुरीत गेली सोळा वर्षे मी प्रवेशाचे ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे काम करतो. पालक खुर्चीवर बसतात, ज्याचा प्रवेश आहे तो मुलगा किंवा मुलगी मागे उभी असते, काउंटरवर प्लास्टिकच्या पिशवीत डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि गुणपत्रके असतात, आणि त्या सगळ्यावर लाल पेनाने खुणा केलेले आपल्या दैनिकाचे ते पान असते. पसंतीक्रम खरे म्हणजे ते पानच सांगते. पालकांनी वरून खाली वाचत जायचे आणि मी तसे भरत जायचे. मागे उभ्या असलेल्या पोराने मध्येच एखादे नाव सुचवले, तर ठरलेले वाक्य कानावर येते : "तिथं कशाला? मार्क वाया जातील." हे पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे.

कटऑफ म्हणजे त्या महाविद्यालयात, त्या शाखेत, त्या प्रवर्गातून सर्वांत शेवटी प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याचे गुण. मागणारे जितके जास्त आणि जागा जितक्या कमी, तितका हा आकडा वर चढतो. उद्या त्याच शाखेच्या जागा साठावरून एकशे वीस झाल्या तर आकडा खाली येईल, पण फळ्यासमोरचे प्राध्यापक आणि प्रयोगशाळेतील यंत्रे तीच राहतील. गेल्या वर्षीच्या मुलांनी काय मागितले, यापलीकडे तो आकडा काही सांगत नाही, आणि त्या मुलांनी जे मागितले तेही त्याच्या आदल्या वर्षीचे पान समोर ठेवूनच मागितलेले असते. लांबलचक रांग दिसली म्हणून आपणही तिच्या शेपटाला जाऊन उभे राहावे आणि पुढे नेमके काय वाटताहेत हे कोणालाच विचारू नये, असा हा प्रकार आहे.

आणि गुण म्हणजे काही बाजारात न्यायच्या नोटा नव्हेत, की ९५ घेऊन गेलो, ८० चा माल घेतला आणि १५ बुडाले. कॅप फेरीत, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या फेरीत, होते ते इतकेच, की ज्याचे गुण अधिक त्याचा पसंतीक्रम आधी पाहिला जातो. ९५ पर्सेंटाइलच्या मुलाने ८० ला मिळणारे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिले, तर त्याला हवे ते खात्रीने मिळाले, एवढाच त्याचा अर्थ होतो. उलट चूक कुठे महागात पडते तेही सांगतो. पहिल्या फेरीत पहिलाच पसंतीक्रम मिळाला की तो आपोआप फ्रीझ होतो आणि पुढच्या फेऱ्यांत बदल मागता येत नाही. २०२५-२६ पासून अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया राज्यभर लागू झाली. तिथेही दहापर्यंत पर्याय भरता येतात आणि पहिला पर्याय मिळाल्यावर तो नाकारणे सोपे नसते. तेव्हा फॉर्ममधली पहिली ओळ ही शोभेची ओळ नव्हे.

हे सगळे मी आधीपासून जाणत होतो असा कोणाचा समज होऊ नये, म्हणून घरातील गोष्ट सांगणे भाग आहे. २०१९ साली माझा मुलगा बारावी झाला. त्याचा मामा शिवाजी उद्यमनगरात पॅटर्न शॉप चालवतो. फौंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, वाळूचा साचा करण्यासाठी लागणारे लाकडी पॅटर्न तिथे घडतात. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न मूळ मापापेक्षा किंचित मोठा ठेवावा लागतो, बिडाला साधारण एक टक्का, पोलादाला साधारण दोन. हे माझ्या मुलाला दहावीच्या सुट्टीतच पाठ होते. त्याला मेकॅनिकल हवे होते आणि कोल्हापुरातच हवे होते. मी मात्र पुण्यातील एका नावाजलेल्या महाविद्यालयाची कॉम्प्युटर शाखा त्याच्या फॉर्ममध्ये एक नंबरला टाकली, कारण त्याच्या पर्सेंटाइलला ती मिळण्यासारखी होती, आणि मिळत असताना न घेणे म्हणजे मार्क वाया घालवणे, अशी माझीही तेव्हा पक्की समजूत होती. पहिल्याच फेरीत ती मिळाली आणि फ्रीझ झाली. हा नियम मी त्या आठवड्यात रोज वीस पालकांना समजावून सांगत होतो.

पुण्यात कॉट बेसिसवर चौघांत एक खोली, मेसचा डबा आणि फोनवर "बरं चाललंय" एवढेच उत्तर, असे ते वर्ष गेले. दिवाळीला आला तेव्हा बॅग दारात टाकून तो थेट मामाच्या शॉपवर गेला आणि रात्री मनगटापर्यंत लाकडाचा भुसा तसाच घेऊन जेवायला बसला. त्याच्या आईने मला नजरेने ते दाखवले, पण मी लक्ष दिले नाही. पहिल्या सत्रात तीन विषय राहिले. ते महाविद्यालय वाईट होते असे मी कदापि म्हणणार नाही, कारण त्याच खोलीतील लातूरचा मुलगा तिथे अक्षरशः फुलला. दोघांचे प्राध्यापक तेच, पुस्तके तीच, मेसही तीच. शेवटी मुलाने ते वर्ष सोडले, २०२० मध्ये, नेमक्या कोरोनाच्या वर्षी, पुन्हा सीईटी दिली आणि कोल्हापुरात मेकॅनिकलला प्रवेश घेतला. एक वर्ष गेले आणि शुल्क, भाडे, डिपॉझिट मिळून आमच्या ऐपतीच्या मानाने बरीच मोठी रक्कम गेली. मार्क वाया गेले असे म्हणायचेच असेल, तर ते तेव्हा गेले.

आज तो शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीत गुणवत्ता विभागात आहे. त्या लातूरच्या मुलाला त्याच्या जवळपास दुप्पट पगार आहे, हेही लपवण्यात अर्थ नाही. नावाला बाजारात किंमत असते. मोठ्या कंपन्या कॅम्पससाठी ठराविक ठिकाणीच जातात, माजी विद्यार्थ्यांच्या ओळखी कामाला येतात, आणि हुशार मुलांच्या संगतीत आपलेही पाऊल पुढे पडते. ज्याला ती शाखाच मनापासून हवी आहे आणि त्या गर्दीत ज्याचा जीव गुदमरत नाही, त्याने तिथे जरूर जावे. माझी तक्रार एवढीच, की जाणारा कोण आहे हे फॉर्म भरताना कोणी विचारतच नाही.

आपल्या मुलाला मानवेल असे कॉलेज म्हणजे घराजवळचे कॉलेज, असाही अर्थ कोणी काढू नये. गगनबावडा तालुक्यातील एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. तिला केमिकल इंजिनिअरिंग करायचे होते, आठवीपासून त्याच नादात होती, आणि तिच्या गुणांवर मुंबईच्या आयसीटीत, म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्थेत, प्रवेश मिळण्याची शक्यता चांगली होती. १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून सुरू झालेली ही संस्था त्या विषयासाठीच ओळखली जाते, म्हणजे इथे नाव आणि आवड एकाच जागी होती. वडील म्हणाले, "मुलीची जात, जवळ असलेली बरी," आणि आयसीटी चौथ्या क्रमांकावर गेली. फॉर्म लॉक करण्याची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत होती. दुपारी मुलगी आईला घेऊन परत आली. आईने एकच प्रश्न विचारला, "हॉस्टेल कॉलेजच्या आवारातच हाय का?" आहे म्हटल्यावर ती म्हणाली, "मग लिवा की एक नंबरला."

त्या माऊलीने विचारला तो प्रश्न या शहराला नवा नाही. राजाराम कॉलेज १८८० पासून इथे आहे. तरीही राजर्षी शाहू महाराजांना १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढावे लागले आणि पुढे जैन, लिंगायत, मुस्लिम अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी बोर्डिंगे उभी राहिली. दसरा चौक परिसरात त्यांपैकी काहींच्या इमारती आपण रोज पाहतो. गावात नावाजलेले कॉलेज असणे पुरेसे नाही, राधानगरीहून आलेल्या पोराला रात्री अंग टाकायला जागा, दोन वेळची भाकरी आणि बोलायला चार माणसे मिळाली तरच तो तिथे टिकतो, हे महाराजांनी ओळखले होते. २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील अनेक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले, हे फार चांगले झाले. पण खोलीचे भाडे आणि मेसचे बिल माफ होत नाही, आणि बरीच घरे नेमकी तिथेच मोडतात. चांगल्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीच्या घरून दरमहा भाड्याची तंगी ऐकू येत असेल, तर तिचे अभ्यासात लक्ष कसे लागावे?

पालकांनी प्रत्यक्ष जाऊन काय पाहावे, हे मला दुकानाच्या अनुभवातून थोडेफार कळले आहे. इमारत, लॉन आणि प्रवेशद्वार दहा मिनिटांत पाहून होते. त्यानंतर ज्या विभागात मूल जाणार तिथे जाऊन कायम प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबीचे, किती हे विचारावे. सीएचबीवर शिकवणाऱ्यांत जीव तोडून शिकवणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्यावर अन्याय होतो आहे हेही खरे. पण जो शिक्षक सकाळी एका महाविद्यालयात तास घेऊन दुपारी दुसऱ्या महाविद्यालयात धावतो, तो तासानंतर शंका विचारायला सापडत नाही. एका प्रात्यक्षिकाच्या टेबलाभोवती किती मुले उभी असतात, ते दाराबाहेरून मोजावे. ग्रंथालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडे असते ते गेटवरच्या शिपायाला विचारावे, कारण माहितीपत्रकात छापलेली वेळ आणि शिपायाने सांगितलेली वेळ यांत फरक निघू शकतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीला मुख्य विषयाबरोबर एक मायनर विषय घ्यावा लागतो. मायनरला प्रत्यक्षात कोणकोणते विषय मिळतात हे त्या महाविद्यालयात विभाग किती आहेत यावर ठरते, हे तर प्रवेश झाल्यावर कळून अनेक मुले हिरमुसलेली मी पाहिली आहेत. बाकी संलग्न महाविद्यालय शहरातले असो की तालुक्याचे, पदवीवर शिक्का १९६२ साली स्थापन झालेल्या त्याच शिवाजी विद्यापीठाचा उमटतो.

आता आपल्याकडे एक विनंती. ही माहिती गुप्त नाही. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकला सादर केलेला स्वयंमूल्यमापन अहवाल आणि दरवर्षीचा गुणवत्ता अहवाल महाविद्यालयांनी संकेतस्थळावर ठेवायचा असतो, तांत्रिक संस्थांना एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेच्या, नियमाने आपली माहिती जाहीर करावी लागते. त्यात पूर्णवेळ शिक्षकांची संख्या, विद्यार्थ्यांशी त्यांचे प्रमाण, निकाल असे पुष्कळ काही असते, फक्त ते शेकडो पानांत आणि इंग्रजीत विखुरलेले असते. पालक तिथपर्यंत पोहोचत नाहीत आणि आकडा म्हणून त्यांच्या हाती एक कटऑफ किंवा फार तर एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीतील क्रमांक येतो. २०१६ पासून निघणाऱ्या त्या क्रमवारीतही पाच निकषांपैकी एक निकष चक्क लोकांच्या मनातील प्रतिमेचा आहे, म्हणजे तिथेही रांगेला थोडे गुण आहेतच.

आपल्या दैनिकाने कटऑफचे पान जरूर छापावे. मात्र त्याच कोष्टकात आणखी चार रकाने वाढवावेत : त्या विभागात मंजूर शिक्षकपदांपैकी कायम शिक्षक किती, वसतिगृहात जागा किती आणि त्याचा खर्च किती, ग्रंथालय व प्रयोगशाळा किती तास खुली, आणि पहिल्या वर्षाला बसलेल्या मुलांपैकी शेवटच्या वर्षापर्यंत किती पोहोचली. हा चौथा रकाना भरायला महाविद्यालये का-कू करतील असा माझा अंदाज आहे. ज्यांनी माहिती दिली नाही त्यांच्या नावापुढे रकाना कोराच छापावा. पहिल्या फेरीचे पसंतीक्रम भरण्याची मुदत सुरू होण्याआधी हे पान आले, तर त्याच्या प्रती काढून मी माझ्या काउंटरवर ठेवीन, आणि त्या प्रतींचे पैसे कोणाकडूनही घेणार नाही.

आपला नम्र,
एक वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर