ॲपमधले कोरे पान आणि ‘पुन्हा इन्स्टॉल करा’ हा सल्ला

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मोबाइल ॲपमध्ये फी भरताना, अर्ज करताना किंवा पावती उतरवून घेताना मध्येच कोरी पांढरी स्क्रीन येते, बटण कितीही वेळा दाबले तरी काहीच घडत नाही किंवा ‘वेबपेज उपलब्ध नाही’ असा संदेश दिसतो, हा अनुभव आपल्या बहुतेक वाचकांना आला असेल. अशा वेळी हेल्पलाइनवरून, आणि दुर्दैवाने वृत्तपत्रांतल्या तंत्रज्ञानाच्या सदरांतूनही, एकच सल्ला मिळतो: ॲपचा डेटा पुसा, ॲप काढून टाका आणि पुन्हा इन्स्टॉल करा. मी गेली बारा वर्षे पुण्यात मोबाइल ॲपची चाचणी करण्याचे काम करते. त्या अनुभवावरून सांगते की अशा अडचणींत हा सल्ला बहुधा निरुपयोगी असतो, कधी कधी तो नुकसानही करतो, आणि ज्याची काही चूक नाही अशा माणसाला तो अपराधी ठरवतो.

गेल्या महिन्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका नातीची महाविद्यालयाची फी एका ॲपमधून भरत होत्या. ‘यूपीआयने भरा’ हा पर्याय निवडताच पडद्यावर ‘अननोन यूआरएल स्कीम’ (अनोळखी प्रकारचा पत्ता) असा इंग्रजी मजकूर आला. हेल्पलाइनने सांगितल्याप्रमाणे त्यांनी ॲपचा डेटा पुसला आणि ॲप नव्याने टाकले. त्यात अर्धा भरून ठेवलेला अर्ज गेला, जोडलेले दाखले गेले, आणि सगळे पुन्हा भरल्यावर त्याच जागी तोच मजकूर आला. ‘माझंच काहीतरी चुकत असणार,’ असे म्हणत त्या फोन घेऊन माझ्याकडे आल्या. त्याच संस्थेचे फी भरण्याचे पान मी त्यांना क्रोममध्ये उघडून दिले आणि दोन मिनिटांत फी भरली गेली.

यात त्यांचे काही चुकले नव्हते. अनेक ॲप आतून संपूर्ण ॲप नसतात. त्यांचे काही पडदे म्हणजे प्रत्यक्षात संकेतस्थळाची पाने असतात आणि ती दाखवण्यासाठी ॲपमध्ये एक छोटा ब्राउझर बसवलेला असतो. त्याला वेबव्ह्यू म्हणतात. तो दिसायला ब्राउझरसारखा असला, तरी ब्राउझर जी कामे न सांगता करतो त्यांतली बरीच कामे वेबव्ह्यूला ॲप बनवणाऱ्याने शिकवावी लागतात. यूपीआयची लिंक नेहमीच्या संकेतस्थळाच्या पत्त्यासारखी ‘एचटीटीपी’ने सुरू होत नाही, ती ‘यूपीआय’ या अक्षरांनी सुरू होते. क्रोम तो पत्ता ओळखून फोनच्या हवाली करतो आणि फोन पैसे भरण्याचे ॲप उघडतो. वेबव्ह्यू मात्र त्या पत्त्यालाच वेबपान समजून ते उघडायला जातो आणि अडकतो. असा पत्ता आला तर तो बाहेर सोपव, एवढी सूचना प्रोग्रॅमरने काही ओळींत लिहायची असते. ती लिहिलेली नसेल, तर ॲप शंभर वेळा काढून शंभर वेळा टाकले तरी तीच उणीव असलेले ॲप पुन्हा येणार.

‘फाइल निवडा’ या बटणाची गोष्टही अशीच आहे, आणि आपल्याकडे तिचा त्रास फार मोठा आहे. जातीचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर, गुणपत्रिका असे कागद जोडल्याशिवाय आपल्याकडे प्रवेशाचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज पुढे सरकत नाही. अँड्रॉइडच्या वेबव्ह्यूमध्ये फाइल निवडण्याची खिडकी आपोआप उघडत नाही, ती उघडण्याची जबाबदारी ॲपची असते. ॲपने ती घेतली नसेल, तर बटण दाबल्यावर कोणताही संदेश येत नाही आणि मुले बिचारी अर्धा तास बटण दाबत बसतात. आयफोनवर ही सोय वेबव्ह्यू स्वतःच करतो. त्यामुळे ‘माझ्या मित्राच्या फोनवर चालतं, माझ्याच फोनमध्ये बिघाड आहे’ असा गैरसमज आणखी पक्का होतो. ‘पावती डाउनलोड करा’ किंवा ‘हॉल तिकीट डाउनलोड करा’ हे बटण मुके राहण्यामागेही बऱ्याचदा हेच कारण असते, कारण फाइल उतरवून कुठे ठेवायची हे वेबव्ह्यूला कोणी सांगितलेले नसते. इतकेच काय, पानातली जावास्क्रिप्ट, म्हणजे पानाला हलते-बोलते करणारा प्रोग्रॅम, चालवणे आणि पानाला स्वतःची माहिती फोनवर साठवू देणे या दोन्ही गोष्टी अँड्रॉइडच्या वेबव्ह्यूमध्ये मुळात बंद असतात आणि ॲपला त्या मुद्दाम सुरू कराव्या लागतात. आजची बहुतेक पाने या दोन गोष्टींवाचून उभीच राहत नाहीत.

म्हणून अडचण आली की सर्वांत आधी काय करावे, तर तेच पान फोनच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडून पाहावे. मात्र पत्ता संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा, कोणी पाठवलेल्या लिंकवरून घेऊ नये. ब्राउझरमध्ये पान नीट चालले आणि ॲपमध्ये अडले, तर दोष बहुधा ॲपने ते पान ज्या पद्धतीने बसवले आहे त्यात असतो. दोन्हीकडे अडले, तर संकेतस्थळ बंद असेल किंवा नेटवर्कची अडचण असेल, आणि मग वायफाय बंद करून मोबाइल डेटावर एकदा पाहावे. आपल्या फोनवर अडते पण दुसऱ्या अँड्रॉइड फोनवर त्याच ॲपची तीच आवृत्ती नीट चालते, असे आढळले, तर आपल्या फोनमधल्या वेबव्ह्यूची आवृत्ती तपासावी. पैशांचा व्यवहार मध्येच तुटला असेल, तर पुन्हा प्रयत्न करण्याआधी बँकेच्या खात्यात रक्कम कापली गेली का, ते पाहणे अत्यावश्यक आहे.

वेबव्ह्यूची आवृत्ती ही बाब मदत करणाऱ्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. २०१४ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ५ पासून वेबव्ह्यू हा फोनचा एक स्वतंत्र भाग झाला आणि तो प्ले स्टोअरवरून अद्ययावत होऊ लागला. सेटिंग्जमधल्या सर्व ॲपच्या यादीत तो ‘अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू’ या नावाने सापडतो. अँड्रॉइड ७, ८ आणि ९ या आवृत्त्यांत मात्र हे काम साधारणपणे क्रोमकडे दिलेले आहे. त्यामुळे अशा फोनवर वेबव्ह्यू ‘बंद’ दिसला तर घाबरण्याचे कारण नाही, तिथे क्रोम अद्ययावत करावे लागते. अँड्रॉइड ७ असलेल्या फोनला क्रोमची ११९ ही शेवटची आवृत्ती मिळाली. त्यानंतरच्या ब्राउझरना नजरेसमोर ठेवून लिहिलेले पान त्या फोनवर अर्धवट किंवा अगदी कोरे दिसू शकते. आयफोनमध्ये वेबव्ह्यू आयओएस या त्याच्या मूळ प्रणालीबरोबरच बदलतो, तो वेगळा अद्ययावत करता येत नाही.

या एका भागावर किती अवलंबून आहे, ते २२ आणि २३ मार्च २०२१ ला जगभर दिसले. वेबव्ह्यूमधील एका दोषामुळे अँड्रॉइड फोनवर जीमेलसह अनेक ॲप उघडताच बंद पडू लागली. लोकांनी ती काढून पुन्हा टाकली आणि ती पुन्हा बंद पडली, कारण दोष त्या ॲपमध्ये नव्हताच. वेबव्ह्यूचे अपडेट काढून टाकणे हा त्या वेळचा तात्पुरता उपाय होता आणि पुढे गूगलने वेबव्ह्यू व क्रोमच्या नव्या आवृत्त्या देऊन दोष दूर केला. दोष कुठे आहे हे न पाहता हाताला येईल ते पुसून टाकण्यात किती श्रम वाया जातात, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

कॅशे पुसणे आणि डेटा पुसणे यांतला फरकही कोणी समजावून सांगत नाही. कॅशे म्हणजे पानाच्या चित्रांच्या आणि फाइलींच्या साठवलेल्या प्रती. संकेतस्थळ बदलले आणि फोनमध्ये जुनी प्रत अडकून राहिली, तर ती पुसल्याने खरोखर उपयोग होतो आणि नुकसान काही होत नाही. डेटा पुसला की लॉगिन जाते, जतन केलेला अर्ज जातो आणि अडचण नेमकी कशी आली याचा मागही जातो. प्रत्येक ॲपच्या वेबव्ह्यूचा साठा त्या त्या ॲपजवळ असतो. त्यामुळे ॲपमधले पान अडले म्हणून क्रोमची हिस्टरी आणि कॅशे पुसायला लावणे हा तर निव्वळ चुकीचा सल्ला आहे.

फोनच्या बाजूने चूक असूच शकत नाही, असे माझे म्हणणे नाही. फोनची तारीख आणि वेळ चुकलेली असेल, तर संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र, म्हणजे ते खरे असल्याचा डिजिटल पुरावा, वैध ठरत नाही आणि पान उघडत नाही. जाहिराती रोखणारी सोय किंवा व्हीपीएन (इंटरनेटची वाट दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारी सोय) चालू असेल तरी पानाचा एखादा आवश्यक भाग अडवला जाऊ शकतो. ज्येष्ठांच्या फोनवर अक्षरांचा आकार मोठा केलेला असतो. वेबव्ह्यू तो आकार आपल्या पानालाही लावतो, आणि मग ठरावीक उंचीच्या चौकटीत वेलांट्या-उकार कापले जातात किंवा ‘पुढे’ हे बटण पडद्याबाहेर जाते. या शेवटच्या बाबतीत फोनमधले अक्षर लहान करून काम भागते, पण मला विचाराल तर ती ज्येष्ठांची चूक नाही. मोठ्या अक्षरांत पान कसे दिसते, हे पाहणे आम्हा चाचणी करणाऱ्यांचे काम आहे.

आमच्या क्षेत्राची आणखी एक चूक मी इथे मान्य करते. आम्ही चाचणी करतो ती बहुधा नव्या, भरपूर मेमरी असलेल्या फोनवर आणि कार्यालयाच्या वेगवान इंटरनेटवर. कमी मेमरीच्या फोनवर मात्र अर्ज भरता भरता माणूस ओटीपी पाहायला किंवा कागदाचा फोटो काढायला दुसरीकडे जातो, तेवढ्यात फोन मेमरी वाचवण्यासाठी वेबव्ह्यूची प्रक्रिया बंद करतो आणि माणूस परत येतो तो कोऱ्या पानावर. आयफोनमध्येही पान वेगळ्या प्रक्रियेत चालते आणि मेमरी कमी पडली की ती बंद होऊ शकते. ती बंद पडल्याचे ॲपला कळवले जाते, आणि पान पुन्हा उघडणे व भरलेली माहिती जपणे हे ॲपने करायचे असते. ज्याच्याकडे स्वस्त फोन आहे, त्यालाच बहुधा असा अर्ज मोबाइलवरून भरावा लागतो, कारण त्याच्या घरी संगणक नसतो. ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

लॉगिन आणि पैशांच्या व्यवहारासाठी वेबव्ह्यू वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वेबव्ह्यूमध्ये टाइप केलेला पासवर्ड ते ॲप वाचू शकते. याच कारणाने गूगलने २०१७ पासून वेबव्ह्यूमधून गूगल खात्याचे लॉगिन करू देणे थांबवले, आणि ‘गूगलने लॉगिन करा’ दाबल्यावर काही ॲपमध्ये ४०३ क्रमांकाची त्रुटी येते ती यामुळेच. यावरचा चांगला पर्याय २०१५ पासून उपलब्ध आहे. अँड्रॉइडवर कस्टम टॅब आणि आयफोनवर सफारी व्ह्यू कंट्रोलर या सोयींनी पान ॲपमध्येच दिसते, पण ते उघडतो खरा ब्राउझर. त्यात यूपीआयची लिंक चालते, फाइल निवडता येते आणि ॲपला आत डोकावता येत नाही. याउलट, प्रमाणपत्राची त्रुटी आली तरी पान उघडू द्यावे, अशी सूचना ॲपमध्ये घालून कोरी स्क्रीन ‘दुरुस्त’ करणारे प्रोग्रॅमरही मी पाहिले आहेत. तसे केल्याने पान दिसते, पण मध्ये बसून माहिती चोरणाऱ्याला वाट मोकळी होते.

तक्रार करताना ‘ॲप चालत नाही’ एवढेच लिहू नये, अशी वाचकांना विनंती आहे. फोनचे मॉडेल, अँड्रॉइड किंवा आयओएसची आवृत्ती, ॲपची आणि वेबव्ह्यूची आवृत्ती, घटनेची वेळ, त्रुटीच्या मूळ शब्दांचा स्क्रीनशॉट आणि ‘हेच पान ब्राउझरमध्ये चालले’ हे एक वाक्य, इतके दिले तर प्रोग्रॅमरला तोच प्रसंग आपल्या फोनवर घडवून पाहता येतो. केबलने फोन संगणकाला जोडून चाचणीच्या ॲपमधल्या वेबव्ह्यूत नेमके काय अडले ते क्रोमच्या तपासणी-साधनात पाहण्याची सोय २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ पासून आहे. त्यामुळे दोष सापडत नाही, ही सबब टिकणारी नाही. शासकीय आणि शैक्षणिक ॲप बनवून घेणाऱ्या संस्थांनी कंत्राटातच अशी अट घालावी की प्रत्येक वेबपानावर ‘ब्राउझरमध्ये उघडा’ हे बटण असेल, त्रुटीचा संदेश मराठीत असेल आणि कमी मेमरीच्या फोनवर चाचणी झाल्याचा अहवाल द्यावा लागेल. आपल्या दैनिकानेही यापुढे अशा अडचणींवर सल्ला छापताना डेटा पुसण्याचा उपाय पहिला न देता सर्वांत शेवटी द्यावा आणि त्याने काय काय जाते तेही सांगावे.

शेजारच्या बाईंच्या वतीने मी वरील सगळा तपशील लिहून संबंधित संस्थेकडे तक्रार पाठवली. आठ दिवसांनी उत्तर आले: ‘कृपया ॲप अनइन्स्टॉल करून पुन्हा इन्स्टॉल करावे.’ तीच तक्रार, ब्राउझरमधून भरलेल्या फीची पावती जोडून, मी पुन्हा पाठवली आहे.

आपली नम्र,
एक मोबाइल ॲप परीक्षक, पुणे