महिन्यातून एक संध्याकाळ आम्हाला समाजभवन द्या : पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. पालकमंत्री महोदय,
नागपूर जिल्हा

सप्रेम नमस्कार.

मी नागपूरच्या महाल भागात राहते. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. १७ मार्च २०२५ च्या संध्याकाळी चिटणीस पार्ककडून आरडाओरडा ऐकू येऊ लागला तेव्हा मी देवापाशी दिवा लावत होते. दंगल उसळली आणि रात्री जवळच्या हंसापुरी वस्तीत गाड्या जळाल्या. अकरा पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली आणि ती पूर्ण उठायला २३ तारीख उजाडली. त्या वर्षी ३० मार्चला गुढीपाडवा होता आणि ३१ ला ईद. सण असे लागून आले की आमच्या गल्लीतून श्रीखंडाच्या वाट्या मुसलमान शेजाऱ्यांकडे जातात आणि त्याच वाट्या शीरखुर्मा घेऊन परत येतात. त्या वर्षी एकही वाटी गेली नाही. कोणी कोणाला मनाई केली नव्हती. आपापल्या घरी सगळेच गप्प बसले.

गुन्हे, पंचनामे, तपास, खटले हे काम यंत्रणेचं आहे आणि ते तिने नीट करावं. ज्यांचं नुकसान झालं त्यांना भरपाई मिळावी. पण वाट्या का थांबल्या, हा प्रश्न कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. त्यासाठी हे पत्र.

सण जवळ आला की शांतता समितीची बैठक होते. मी एकदा अशा बैठकीला गेले होते. पोलीस ठाण्याचं आवार, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या, शाल-श्रीफळ. बोलणारे बहुतेक तेच, जे आधीच्या वर्षीही बोलले होते. 'आपलं शहर सलोख्याचं शहर आहे' असं प्रत्येकाने सांगितलं, फोटो झाला आणि मंडळी उठली. बायका आम्ही तिघीच. अठरा-वीस वर्षांचा एकही मुलगा नव्हता, आणि दगड कोणत्या वयाच्या हातात असतात हे आपण सगळे जाणतो. अशा बैठकांचा बंदोबस्तासाठी उपयोग होत असेल, मी तो नाकारत नाही. पण भीती बसलेल्या माणसाने आपली भीती सांगावी अशी ती जागा नाही. ठाण्याच्या आवारात कोण खरं बोलेल?

संचारबंदी उठल्यावर महिनाभराने मी माझ्या ओसरीवर सतरंजी टाकली आणि नऊ जणींना बोलावलं. त्यात हंसापुरीकडून येणारी एक शिवणकाम करणारी बाई होती. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांचे ब्लाउज तीच शिवते. आणि समोरच्या घरातली एक शेजारीण होती, जिच्या मुलाची गाडी त्या रात्री जळाली. पहिला अर्धा तास नुसता सिलिंडर आणि कांद्याच्या भावावर गेला. मग त्या बाईने पिशवीतून ब्लाउज काढले. अकरा होते. प्रत्येकाला टाचणीने चिठ्ठी लावलेली, चिठ्ठीवर नाव. दंगलीच्या आधी शिवून झालेले, पण न्यायला कोणी आलंच नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "नाप तो सबका मेरे पासच है."

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग शेजारीण म्हणाली, "गाडी जळताना मला वाटलं, तुझ्याच गल्लीतले असतील." शिवणारी बाई म्हणाली, तिचा दहा वर्षांचा मुलगा त्या रात्री खाटेखाली झोपला आणि अजूनही तिथेच झोपतो. त्या दिवशी गळाभेट झाली नाही. शेजारीण आपला ब्लाउज घेऊन, पैसे देऊन गेली. तिसऱ्या बैठकीला ती नवं कापड घेऊन आली.

दुसऱ्या बैठकीतली एक गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. सफाई कामगारांच्या वसाहतीतून येणारी एक ताई सगळ्यांचं ऐकून घेऊन म्हणाली, "तुमचं भांडण तरी आहे. माझ्याशी कोणी भांडतही नाही. माझा चहा तेवढा कागदी कपात येतो." तो कप माझ्याच घरातला होता. बाकी सगळ्यांना स्टीलचे पेले दिले होते. मी मुद्दाम केलं नव्हतं, हात आपोआप तिकडे गेला होता. दीक्षाभूमी माझ्या घरापासून काही किलोमीटरवर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला तिथे काय घडलं आणि का घडलं, हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. तो कप मला दाखवायला त्या ताईला माझ्या ओसरीवर येऊन बसावं लागलं.

जन्मावरून माणसाला झालेली जखम बरी करायची तर आधी ती ऐकावी लागते, हे इतर देशांनीही अनुभवाने ओळखलं आहे. अमेरिकेत २०१७ पासून दर जानेवारीत, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाच्या सुटीच्या दुसऱ्या दिवशी, वांशिक जखमा भरून काढण्यासाठी एक दिवस पाळला जातो. गावोगावी काळे-गोरे वर्तुळात बसतात आणि एकेक जण स्वतःची हकीकत सांगतो. दक्षिण आफ्रिकेत १९९६ मध्ये आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि सलोखा आयोगाच्या सुनावण्या सुरू झाल्या. एकवीस हजारांहून अधिक पीडितांनी आपलं म्हणणं नोंदवलं. अनेकांनी भर सभागृहात ते स्वतःच्या भाषेत सांगितलं. त्या देशाकडून दुसरा धडाही घ्यायला हवा. तिथे भरपाई रखडली, कमी पडली, आणि 'आम्ही बोललो, पण मिळालं काय' ही खंत राहून गेली. म्हणून भरपाई आणि बैठक दोन्ही हव्यात. एकीच्या नावावर दुसरी टाळू नये.

एवढं लांब जायचीही गरज नाही. १९८४ च्या भीषण दंगलीनंतर भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांपेक्षा साध्या माणसांना त्यांनी एकत्र बसवलं, आणि तेही काही घडलेलं नसताना. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. आपल्या राज्याने २००७ मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. मग शहरातल्या मोहल्ल्याने काय घोडं मारलंय? गावाला तंटामुक्ती समिती, आणि आम्हाला फक्त बंदोबस्त.

पूर्वी अशा बैठका मुद्दाम बोलवाव्या लागत नसत, कारण कामच माणसांना एकत्र आणत होतं. १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये सगळ्या जातीधर्मांचे हात एकाच पाळीत राबले. मोमीन आणि कोष्टी, दोघेही विणकर, दोघांचं पोट सुतावर. सरकारी शाळेत बाक एकच. २००२ मध्ये मिल बंद झाली, हातमाग उठले, आणि ज्यांना परवडतं त्यांनी मुलं आपापल्या लोकांच्या शाळेत घातली. उरला ताजबाग. ज्या ताजुद्दीनबाबांना राजे रघुजीराव भोसल्यांनी आपल्या वाड्यात आणून ठेवलं, त्यांच्या दर्ग्यात आजही सगळे जातात. मीही जाते. पण तिथे माणूस डोकं टेकवतो आणि परत फिरतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी बोलणं होत नाही. ते बोलणं आता कोणीतरी ठरवून घडवावं लागेल.

माझी ओसरी लहान आहे. मोठ्या जागेसाठी एका समाजभवनाची चौकशी केली, तर भाडं सांगितलं लग्नाचं आणि विचारलं, "संस्था कोणती? पक्ष कोणता?" कोणताच नाही म्हटल्यावर अर्जच घेतला नाही. महोदय, आपण जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आहात. दर महिन्याला एक संध्याकाळ प्रत्येक प्रभागातलं एक समाजभवन अशा बैठकीसाठी विनामूल्य मिळेल, एवढं आपल्या शब्दाने होऊ शकतं. तिथे व्यासपीठ नको, सत्कार नको, फोटो नको. पोलीस आले तर साध्या कपड्यात, सतरंजीवर बसायला यावेत. निम्म्या बायका असाव्यात आणि सोळा ते पंचवीस वयाची मुलं नक्की असावीत. बोलणं भरकटू न देणारं, सगळ्यांचं ऐकून घेणारं एक माणूस प्रत्येक बैठकीला लागेल. आपल्या शहरात मातृसेवा संघासारख्या संस्थेचं समाजकार्य महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामासाठी याहून चांगली जागा कुठे मिळणार?

आमच्या ओसरीवर दोनच नियम आहेत. एक जण बोलत असताना बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही. आणि 'तुमचे लोक', 'आमचे लोक' हे शब्द वापरायचे नाहीत, 'मी' म्हणून बोलायचं. दुसरा नियम पाळायला फार जड जातो. पहिल्या बैठकीत मी स्वतः तो चार वेळा मोडला. मुलांना मात्र तो लवकर जमतो. शिवणाऱ्या बाईचा मुलगा आता आईबरोबर येतो. तो अजून काही बोललेला नाही. माझ्या नातवाबरोबर कॅरम खेळतो. मागच्या खेपेला निघताना त्याने पुढची बैठक कधी आहे, असं विचारलं.

दुसऱ्या रविवारी, दुपारी चार वाजता. सतरंजीवर सोळा जण मावतात, सतरावा उंबऱ्यावर बसतो. आपण यावं, ही विनंती. गल्ली अरुंद आहे, गाड्या गांधी गेटजवळ ठेवून पायी यावं लागेल. चहा स्टीलच्या पेल्यात मिळेल, सगळ्यांना.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
महाल, नागपूर