केंद्राध्यक्ष झालेल्या लेकीस

१३ नोव्हेंबर २०२४

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

दुसरे प्रशिक्षण पार पडल्याचे आईकडून कळले. विधानसभेच्या मतदानासाठी मतदान केंद्राची प्रमुख म्हणून नेमणुकीचा आदेश हाती पडला तेव्हा तू फोनवर एकच गोष्ट विचारली होतीस, की केंद्रावर कुणी दमदाटी केली तर काय करायचे. पोलीस असतो, क्षेत्रीय अधिकारी असतो, एवढे सांगून मी विषय संपवला. दमदाटीची मला फारशी काळजी नाही. दमदाटी करणारा लांबून ओळखू येतो, त्याची तक्रार करता येते, आणि तशा वेळी तू किती खमकी होतेस हे नगरच्या प्रकरणात आम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. मला काळजी आहे ती गोड बोलणाऱ्यांची आणि तुझ्या भिडस्त स्वभावाची.

१९ तारखेला साहित्य घेऊन तुम्ही शाळेवर पोहोचाल, सतरंज्या अंथरून होतात न होतात तोच कुणीतरी सज्जन गृहस्थ चहाची किटली घेऊन येतील आणि म्हणतील, "मॅडम, रात्रीचे जेवण आमच्याकडे सांगून ठेवले आहे." दुसऱ्या दिवशी तेच गृहस्थ किंवा त्यांचा पुतण्या पोलिंग एजंट म्हणून तुझ्यासमोर बाकावर बसलेला असेल, आणि तू कुणाच्या घरी जेवलीस हे तोपर्यंत साऱ्या गावाला माहीत झालेले असेल. तेव्हा हात जोडून नाही म्हण. शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंकडून पिठले-भाकरी करून घ्या आणि पैसे तुम्ही सर्वांनी मिळून द्या. पित्ताच्या गोळ्या बरोबर ठेव, उपाशी राहून डोके धरून बसू नकोस. हे तुला समजत नाही असे नाही. परंतु दारावर आलेल्या विक्रेत्याला तुला आजही नाही म्हणता येत नाही, याला तुझ्या माळ्यावरचे तीन मिक्सर साक्षी आहेत.

मतदानाच्या दिवशी पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान, म्हणजे यंत्र तपासायचे चाचणी मतदान, सुरू करायचे आहे. एजंट वेळेवर आले नाहीत तर पंधरा मिनिटे थांब आणि मग सुरू कर. नोटासह प्रत्येक उमेदवाराच्या नावापुढचे बटण दाबून एकूण किमान ५० मते टाकायची, निकाल सर्वांसमोर ताडून पाहायचा आणि मग नियंत्रण यंत्र क्लिअर करायचे. तुम्हाला ते सीआरसी म्हणून शिकवले असेलच : क्लोज, रिझल्ट, क्लिअर. घाईत शेवटचे राहिले तर चाचणीची मते खऱ्या मतांत मिसळतात. व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे दिलेल्या मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, पेटीतल्या चिठ्ठ्या काढून, मागे शिक्का मारून काळ्या पाकिटात सीलबंद कर आणि रिकामी पेटी प्रत्येक एजंटला वाकून पाहायला लाव. "मॅडम, आमचा विश्वास आहे, कशाला वेळ घालवता," असे कुणी म्हणाले तरी लाव.

पुन्हा तेच आले. दुपारी कुणीतरी एका आजींचा हात धरून येईल आणि त्यांना दिसत नाही, मीच बटण दाबतो म्हणेल. अंध किंवा अशक्त मतदाराला सोबती घेता येतो. पण तो १८ वर्षांवरचा हवा, त्याने गुप्ततेचे प्रतिज्ञापत्र द्यायला हवे आणि त्या दिवशी त्याने दुसऱ्या कुणाचा सोबती झालेले चालत नाही. आधी आजींना विचार, त्यांना सोबती हवा आहे का. तासाभराने तोच माणूस दुसऱ्या आजींना घेऊन येईल तेव्हा तुझी जीभ अडखळेल, हे मला आत्ताच दिसते आहे.

मतपत्रिकांच्या काळात माझ्या केंद्रावर एक म्हातारा गुराखी आला होता. यादीत पाहतो तर त्याच्या नावावर आधीच खूण झालेली. एजंटाने मान डोलावली, म्हणून आमच्या सहकाऱ्याने चेहरा न पाहताच खूण केली होती. दोन्ही पक्षांचे एजंट त्या क्षणी एक झाले आणि "जाऊ द्या ना गुरुजी" म्हणू लागले. मी त्याला बसवले, बापाचे नाव, भावांची नावे, वाडीतली घरे विचारली, खात्री पटली तेव्हा प्रदत्त मतपत्रिका (नावावर आधीच कुणी मत देऊन गेले असेल तर खऱ्या मतदाराला देतात ती) दिली, यादीवर अंगठा घेतला आणि ती वेगळ्या पाकिटात घातली. बाहेर रांग ओरडत होती. "माझे मोजतील ना?" असे त्याने विचारले, आणि ते पाकीट न्यायालयाने मागवले तरच उघडते हे मी त्याला तसेच सांगितले. त्याने क्षणभर विचार केला आणि "मग नीट ठेवा" म्हणाला. २००८ मध्ये राजस्थानातल्या नाथद्वारा मतदारसंघात काँग्रेसचे सी. पी. जोशी एका मताने हरले आणि न्यायालयात गेलेल्या त्या वादात प्रदत्त मतांचाही मुद्दा निघाला, तेव्हा मला तो गुराखी आठवला. यंत्र आले तरी ही तरतूद आहे. त्या मतपत्रिका कुठल्या पाकिटात आहेत ते आदल्या रात्रीच पाहून ठेव.

पत्र लिहायला घेतले ते शाबासकी द्यायला आणि झाले व्याख्यान, याबद्दल माफ कर. आदेशाची तू पाठवलेली प्रत मी छापून घेतली आणि वाचनालयात दोघातिघांना दाखवली. आईला सांगू नकोस. आजीचे मतदान घरी झाले. पथकाने पुठ्ठ्याचा आडोसा लावला, चित्रीकरण चालू केले, आणि आजीने आडोशामागे जाण्याआधीच शिक्का कुणाला मारणार ते खणखणीत आवाजात जाहीर केले. पथकातली मुलगी तुझ्याच वयाची असेल. तिने "आजी, आम्हाला सांगायचे नसते," असे इतक्या नरमाईने पण ठामपणे म्हटले की मी तिच्याकडे पाहतच राहिलो.

यंत्रांविषयी सध्या किती बोलले जाते ते तू ऐकतेसच. सर्व व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिलला फेटाळली, तरी लोकांच्या मनातला संशय तेवढ्याने जात नाही. चिठ्ठीवर भलतेच चिन्ह दिसले असे कुणी म्हणाले तर झिडकारू नकोस. खोट्या तक्रारीचे परिणाम समजावून लेखी घे आणि एजंटांसमोर चाचणी मत घे. संध्याकाळी १७-सीची, म्हणजे नोंदल्या गेलेल्या मतांच्या हिशेबाच्या कागदाची, प्रत हजर असलेल्या प्रत्येक एजंटच्या हातात दे आणि पोच घे, कारण मोजणीच्या दिवशी यंत्रावरचा आकडा ताडून पाहायला त्यांच्याजवळ तोच कागद असतो. तेव्हा सगळे दमलेले असतात आणि "उद्या घेतो मॅडम" म्हणणारे असतात. तू हो म्हणशील, ही धास्ती पुन्हा लिहिणार नव्हतो.

सहा वाजता रांग उरली तर शेवटच्या माणसापासून पुढे सहीच्या चिठ्ठ्या वाटत ये, म्हणजे मागून कुणी शिरणार नाही. साहित्य जमा केल्याची पावती हातात आल्याशिवाय तिथून हलू नकोस. रात्री कितीही वाजले तरी अण्णा गाडी घेऊन येतील. त्यांना नको म्हणू नकोस, तिथे मात्र भीड चालेल.

तुझे,
बाबा