कंदील वर कोणासाठी धरलाय?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत टॅरोचं, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचं सदर येतं. गेल्या वेळी त्यात हर्मिटचं, म्हणजे एकांतातल्या संन्याशाचं पान तीन राशींच्या वाट्याला आलं होतं. तिन्ही ठिकाणी मजकूर तोच: एकटेपणाचा योग, लग्नाच्या बोलण्यांत दिरंगाई, उपाय म्हणून उशाशी स्फटिक. नेमकं त्याच सुमारास माझ्या भाचीला पणजीतल्या एका टॅरोवालीनं हेच पान काढून दाखवलं आणि अडीच हजारांचा स्फटिक तिच्या गळ्यात मारला. पोरीचं वय सत्तावीस. तिच्या आईनं अंथरूण धरायचं तेवढं बाकी आहे. म्हणून हे पत्र.

मी हरमलला राहते. घराच्या मागच्या अंगाला पाहुण्यांसाठी खोल्या आहेत. पाऊस सरला की परदेशी पाहुणे येतात आणि त्यांच्यातल्या एखाद्याच्या झोळीत टॅरोचा जोड हमखास असतो. त्यांच्याकडूनच मी पानं बघायला शिकले. भविष्य सांगता येत नाही, सांगावंसंही वाटत नाही. चित्रं मात्र बघत बसते.

हर्मिट हे नववं पान. करड्या झग्यातला दाढीवाला म्हातारा बर्फाच्या शिखरावर उभा आहे. डाव्या हातात काठी, उजव्या हातात कंदील आणि कंदिलात ज्योतीच्या जागी सहा कोनांचा तारा. मान खाली घातलेली. हा कंदील त्यानं तोंडासमोर वर धरलाय, आणि कंदील घेऊन रात्रीचं चाललेल्या कोणालाही ते खटकेल. आम्ही लहान असताना दशावतारी नाटकाला शेतातल्या मेरेवरून जावं लागे. वडील पुढं, आम्ही पोरं मागं रांगेत. वडील कंदील गुडघ्याशी धरायचे. वर धरला की आपल्याच डोळ्यांवर उजेड येतो आणि पायाखालचं जनावर दिसत नाही. वर करायचे ते कोणी मागं राहिलं तर, किंवा शेताच्या पलीकडून कोणी हाळी घातली तर. आम्ही इथं आहोत, या बाजूनं या, एवढं सांगायला. चित्रातला म्हातारा तर चालतही नाहीये. तो वर पोचलाय आणि थांबलाय. स्वतःची वाट बघायची असती तर त्यानं कंदील असा धरलाच नसता. खालून कोणीतरी चढून येतंय हे त्याला ठाऊक आहे. अशा माणसावर लग्न मोडल्याचा आळ कसा काय येतो?

हे चित्र १९०९ सालचं, लंडनमधलं. योजना आर्थर एडवर्ड वेट यांची, पण चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईची. पानं ७८, सगळी तिच्या हातची. काम मोठं आणि पैसे अगदी थोडे, असं तिनंच एका पत्रात लिहिलंय. जोडाला नाव मात्र वर्षानुवर्षं प्रकाशकाचं आणि वेट यांचं. १९५१ साली ती गेली तेव्हा मागं कर्ज होतं. पानांच्या कोपऱ्यात तिच्या सहीची नागमोडी खूण आहे. भिंग लावून जरूर बघा.

त्याआधीचं प्रकरण आणखी गमतीचं. ही पानं पंधराव्या शतकात उत्तर इटलीत निघाली ती खेळायला. हुकूम मारायचा, हात करायचे, आपण करतो तेच. मिलानच्या सरदारघराण्यासाठी रंगवलेल्या जुन्या जोडात या म्हाताऱ्याच्या हातात कंदील नाहीच, वाळूचं घड्याळ आहे. भविष्याचा धंदा सुरू झाला अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये. कूर द जेबलँ नावाच्या विद्वानानं १७८१ साली ठोकून दिलं की हे इजिप्तच्या पुरोहितांचं गुप्त ज्ञान आहे. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा जगात कोणालाही वाचता येत नव्हती, ती उलगडली १८२२ साली. पण पुडी चालली ती चाललीच. आमच्या माजघरातही सावंतवाडीची गंजिफा होती. लाखेची गोल पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, मिळून १२०. आजोबा दुपारभर खेळत. हातात वामन आला म्हणून घरात कधी कोणी शांत केली नाही.

जाणते टॅरोवाले या पानाला वाईट म्हणतच नाहीत. थोडं थांब, गलक्यातून बाजूला हो, दुसऱ्याला विचारण्याआधी स्वतःला विचार, असं ते सांगतात. पान उलटं पडलं तर म्हणतात, आता पुरे झालं, दार उघड. यात स्फटिक कुठून आला?

आणि भिणारे आम्ही कोण? सोहिरोबानाथ आंबिये आमच्या शेजारच्या पालये गावचे. बांद्याचं कुलकर्णीपण सोडून त्यांनी नाथपंथाची वाट धरली आणि पुढं पार उत्तरेकडे निघून गेले. अंतरीच्या ज्ञानदिव्याचं त्यांचं पद इथल्या भजनांत अजून कानावर पडतं. माझी भाची विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयात शिकली, त्याला नाव सोहिरोबानाथांचंच. ते नाव ओळखपत्रावर गळ्यात घालून पोरगी फिरली, आणि आता दिवा धरलेल्या म्हाताऱ्याला घाबरते.

मी एकटी असते. मुलगा बोटीवर, मुलगी पुण्याला. मे सरला की किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे झापांची खानावळी, उतरतात, गाद्यांना ऊन देऊन त्या गुंडाळते, खिडक्यांना माडाची चुडतं बांधून घेते. मग चतुर्थीपर्यंत आवारात मी आणि पागोळ्या. हे दिवस मला आवडतात असं म्हटलं की बायका एकमेकींकडं बघतात. कोणीतरी लगेच म्हणतं, 'सत्यनारायण घाल गो एकदा.' मागच्या पावसात असंच पडवीत बसून ठरवलं की विहिरीजवळचे माड तोडून आणखी खोल्या बांधायच्या नाहीत. ठेकेदार रोज फोन करत असता, पाहुणे दारात असते, तर हे ठरलंच नसतं. तिथं खांबच उभे राहिले असते.

गावात अशीही म्हातारी माणसं आहेत ज्यांना एकटं राहायचं नाही आणि राहावं लागतं. पोरं पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेली. त्यांच्याजवळ जाऊन घटकाभर बसणारं कोणी हवं, औषधाची बाटली उघडून देणारं हवं. त्यांचं दुखणं या पानाच्या माथी मारू नये, आणि आपल्या मर्जीनं एकांतात बसलेल्याला त्यांच्या रांगेत बसवू नये. आपल्या सदरात नेमकं हेच झालंय.

सदर बंद करा असं मी म्हणत नाही. लोक ते आवडीनं वाचतात, मीही वाचते. मात्र 'उपाय' आणि त्याखालचा मोबाइल नंबर गाळावा. त्या जागेत पानाचं चित्र जरा मोठं, नीट दिसेल असं छापावं आणि खाली चित्रकर्तीचं नाव द्यावं. हर्मिट पुन्हा निघेल तेव्हा तिथूनच सुरुवात करता येईल.

आपली,
एक वाचक
हरमल, पेडणे