चौघींनी राखायची सीमारेषा

प्रिय शुभा,

सप्रेम नमस्कार.

भारतीय मुलींनी 2025 मध्ये इंग्लंडला टी-20 मालिकेत 3-2 असं हरवलं ते फलंदाजीच्या जोरावर, हे तुझं म्हणणं मला पटत नाही. ट्रेंट ब्रिजला स्मृतीनं 62 चेंडूंत 112 कुटल्या, ते डोळ्यांचं पारणं फेडणारंच होतं. पण मालिकावीर ठरली डावखुरी फिरकीपटू श्री चरणी. पदार्पणातच 12 धावांत 4 बळी आणि मालिकेत एकूण 10!

पॉवरप्ले, म्हणजे पहिली सहा षटकं, संपला की पुरुषांच्या टी-20त मैदानातल्या आतल्या वर्तुळाबाहेर पाच क्षेत्ररक्षक चालतात, महिलांच्या सामन्यात चारच. सीमारेषा साधारण 55 ते 64 मीटरवर. चौघींत सगळं मैदान झाकत नाही, म्हणून कुठली बाजू मोकळी सोडायची ते गोलंदाजालाच ठरवावं लागतं. समोर उजव्या हाताची फलंदाज असली की डावखुरी फिरकीपटू बहुधा ऑफ बाजूला लाँग-ऑफ आणि डीप कव्हर, लेग बाजूला लाँग-ऑन आणि डीप मिडविकेट, अशा चौघी सीमारेषेवर ठेवते. मग फलंदाजाच्या पाठीमागचा भाग दोन्हीकडे उघडा राहतो. चेंडू आखूड पडला तर कट, लेग स्टंपवर गेला तर स्वीप, आणि दोन्हींचे चार गेलेच समज. तोच चेंडू ऑफ स्टंपबाहेर, पुढे आणि थोडा हळू टाकला, तर स्वीपसाठी तिला फिरकीच्या विरुद्ध ओढावं लागतं. बॅटची कड लागून तो उंच उडतो आणि खाली डीप मिडविकेट उभीच असते.

आपल्याकडच्या संथ खेळपट्टीवर चेंडू थांबून येतो, इंग्लंडमध्ये सरळ घसरत येतो. घरचा चांगला टप्पा तिथे फूटभर आखूड ठरतो. फिरकी गोलंदाज परदेशात मार खातात तेव्हा बहुतेकदा कारण एवढंच असतं. महिलांचा चेंडू 140 ते 151 ग्रॅमचा, पुरुषांच्यापेक्षा हलका, त्यामुळे वाराही त्याला जास्त ढकलतो. कुठल्या टोकाकडून कोण टाकते आहे, ते दर वेळी बघत जा.

लॉर्ड्सला तर उतारही मोजावा लागतो. एका कडेपासून दुसरीपर्यंत जवळपास अडीच मीटर! पॅव्हेलियनच्या टोकाकडून टाकलेला चेंडू उजव्या फलंदाजाकडे आत येतो, नर्सरीच्या टोकाकडून बाहेर जातो. त्याच दौऱ्यातला तिथला एकदिवसीय सामना पावसानं 29 षटकांचा झाला आणि आपण हरलो. मैदान ओलं असलं की चेंडू बोटांतून निसटतो, फिरकीची पकडच बसत नाही. अशा वेळी टॉवेल हवा, आणि वेग कमी करण्याचा मोहही आवरायला हवा, कारण पकड नसलेला हळू चेंडू फुलटॉस होतो.

एकदिवसीय मालिकेचा चेस्टर-ली-स्ट्रीटचा निर्णायक सामना मात्र वेगळा. हरमनप्रीतच्या 102 मुळे आपण 318 केल्या, तरी इंग्लंड 305 पर्यंत आलं. तो वाचवला क्रांती गौडच्या वेगानं, 52 धावांत 6 बळी घेऊन. त्याची चित्रफीत पाहताना स्टंपकडे जाणारे चेंडू वेगळे मोज आणि तुझं मत कळव.

तुझी,
मीना