आई, तू विचारलंस त्याचं उत्तर

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी एसेक्शुअल आहे, म्हणजे मला कुणाबद्दलच लैंगिक आकर्षण वाटत नाही, असं फोनवर सांगितलं, तेव्हा बाबांनी विचारलं, "डॉक्टरांना दाखवायचं का?" आणि आई, तू बराच वेळ गप्प राहून म्हणालीस, "म्हणजे तुला कुणाबद्दल प्रेमच वाटणार नाही का गं?" दोन्ही प्रश्न काळजीपोटी आले होते, म्हणून नीट लिहून उत्तर देते आहे.

बाबा, आधी तुमचं. हा आजार नाही. मानसिक विकारांचं निदान करताना डॉक्टर अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचा जो ग्रंथ वापरतात, त्याच्या २०१३च्या आवृत्तीत हे स्पष्ट आहे. कुणी स्वतःला एसेक्शुअल मानत असेल आणि इच्छा नसण्याचं कारण तेच असेल, तर कामेच्छेच्या विकाराचं निदान करू नये. अँथनी बोगार्ट या संशोधकाने २००४ साली ब्रिटनमधल्या १८,०००हून अधिक लोकांच्या उत्तरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुमारे १ टक्का लोकांनी सांगितलं होतं की आपल्याला कुणाबद्दलच कधी लैंगिक आकर्षण वाटलेलं नाही. म्हणजे माझ्यासारखे बरेच आहेत.

आई, तुझ्या प्रश्नाला मात्र वेळ लागेल.

मला मुली आवडतात हे तुम्ही दोघांनी केव्हाच आपलंसं केलंत. पण त्यानंतर मी ज्या क्वीअर, म्हणजे समलिंगी वगैरे माणसांच्या, प्रेमकथा अधाशासारख्या वाचल्या, त्यांतही मला माझी जागा सापडत नव्हती. दोघींची नजरानजर होते, हाताला हात लागतो, अंग शहारतं आणि नायिकेला उमगतं की आपण प्रेमात आहोत. हे असं लिहिलं जायलाच हवं होतं. ज्या ओढीला वर्षानुवर्षं घाणेरडं म्हटलं गेलं, तिच्याबद्दल लाज न बाळगता लिहिणाऱ्यांचा मला अभिमान वाटतो. पण त्यामुळे शरीराची ओढ हाच प्रेमाचा पुरावा होऊन बसला. माझ्याकडे प्रेम होतं, पुरावा नव्हता.

आणि जे आपल्यात नाहीच, ते नाही हे माणसाला कळणार कसं? मला वाटायचं, सगळेच थोडं वाढवून सांगतात. ॲलिस ओसमन यांच्या 'लव्हलेस' या २०२०च्या कादंबरीतल्या जॉर्जियाचं असंच होतं. तिला प्रेमकथांचं वेड आहे, आपलंही असं काहीतरी होणार याची ती वाट बघते, जुळवून बघायचा प्रयत्न करते, आणि काहीच होत नाही. ती पानं वाचताना पहिल्यांदा मला वाटलं, हे कुणीतरी माझ्या आतून लिहिलं आहे. क्लेअर कान यांच्या 'लेट्स टॉक अबाउट लव्ह'मधल्या ॲलिसला तर तिची प्रेयसी सोडूनच जाते, कारण ॲलिसला शरीरसंबंधांत रस नाही. पुढे ती पुन्हा प्रेमात पडते, तेव्हा हे बोलायचं कसं आणि कधी, याची तिला वाटणारी भीती लेखिकेने फार खरी लिहिली आहे.

योग्य माणूस भेटला, त्याने जवळ घेतलं आणि नायिका 'बरी झाली', अशाही गोष्टी असतात. त्या मला मुळीच पटत नाहीत. काहींना खूप घट्ट नातं जुळल्यावरच आकर्षण वाटतं, तेही खरं आहे आणि त्यांच्याही कथा हव्यात. पण बरं करायला इथे आजारच नाही.

तर आई, हो, मला प्रेम वाटतं. कुणाच्या तरी आवाजाची वाट बघावी, आजारपणात उशाशी बसावं, एका घरात म्हातारं व्हावं, हे सगळं मला हवं आहे. जिच्याबरोबर हवं असेल, तिला मी आधीच सगळं सांगेन आणि तिला हवं-नको काय तेही विचारेन. पण जॉर्जियाला अशा प्रकारचं प्रेमही वाटत नाही. तिच्या कादंबरीत प्रियकराची जागा मैत्रिणी आणि मित्र घेतात, आणि ते प्रेम तितकंच मोठं आहे. 'एसेक्शुअल लोकही प्रेमात पडतातच की' असं म्हणून आपण स्वतःची समजूत घातली, तर तिच्यासारखी माणसं दाराबाहेरच राहतात. उद्या माझं उत्तर 'नाही' असतं, तरी तू माझ्यासाठी इतकं घाबरू नयेस असं मला वाटतं.

दोन्ही पुस्तकं सोबत पाठवते आहे. इंग्रजी सोपं आहे. बाबा, शंका येतील तिथे समासात पेन्सिलीने लिहा, मी एकेक वाचून उत्तर देईन. आई, तू 'लव्हलेस'पासून सुरुवात कर, आणि शेवट आधी वाचू नकोस.

तुमची लेक